पासवाल्यांची पंगत

मंडळाचा गणेशोत्सव असो की कोजागिरी, जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, "तुमचं काय बुवा, तुम्हाला विमान फुकट!" मी सत्तावीस वर्षे एका अमेरिकन विमान कंपनीच्या देखभाल विभागात काढली. १९७९ साली लागलो, २००६ साली निवृत्त झालो. त्यामुळे थाप मारणाऱ्याचे फारसे चुकत नाही. तिकिटाचे पैसे पडत नाहीत हे खरे. पण खुर्चीचे काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो सांगायला बसलो की पुढच्या माणसाचे श्रीखंड संपते आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून ती इथे सविस्तर लिहितो.

पास हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो परळला. वडील मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. मे महिन्यात कोकणात नाही तर पंढरपूरला जायचे म्हणजे आधी 'पास काढायचा'. पासावर आम्हा सगळ्यांची नावे आणि वये लिहिलेली असत. आई तो कागद डब्यात, लोणच्याच्या बरणीपासून दूर, जपून ठेवी. वडील निवृत्त झाल्यावरही पास बंद झाला नाही. किती वर्षे नोकरी झाली त्यावरून निवृत्तांना किती पास मिळायचे हे रेल्वेच्या नियमांतच लिहिलेले होते. वडील गेल्यावर आईलाही विधवा म्हणून पास मिळू लागला. आमच्या घरात पास ही मेहरबानी नव्हती, ती वडिलांच्या नोकरीची कमाई होती. अमेरिकेत विमान कंपनीत लागलो तेव्हा हीच समजूत मी बरोबर आणली.

ही समजूत चुकीची होती. पण ते कळायला मला तीस वर्षे लागली.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमान कंपनीचा माणूस पासावर निघाला की त्याला 'नॉन-रेव्ह' म्हणतात, म्हणजे ज्याच्यापासून उत्पन्न नाही असा प्रवासी. त्याची खुर्ची राखून ठेवलेली नसते. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले, दुसऱ्या विमानातून उशिरा धावत आलेलेही बसले, आणि तरीही काही खुर्च्या उरल्या, तर त्या स्टँडबाय यादीतल्यांना क्रमाने मिळतात. पंगतीला बसतात तसेच. आधी पाहुणे, मग घरचे. आणि घरच्यांतही पंगती असतात. कामावर असलेले आणि त्यांची बायकामुले, निवृत्त, आईवडील, आणि सगळ्यांत शेवटी 'बडी पास'वर आलेले मित्रमंडळी. कुठल्या कंपनीत कोण कुठल्या पंगतीत हे निराळे. एकाच पंगतीतही कोण आधी हे ठरवायच्या दोन तऱ्हा आहेत. काही कंपन्या नोकरीला लागल्याची तारीख पाहतात, म्हणजे आपल्याकडची सेवाज्येष्ठता. काही कंपन्या ज्याने चेक-इन आधी केले त्याला आधी घेतात.

या साध्या दिसणाऱ्या क्रमावरून अमेरिकेतल्या विमान कंपन्यांत जितकी भांडणे झाली तितकी पगारावरूनही क्वचितच झाली असतील. त्यांचे मूळ शोधायला गेलो आणि आश्चर्य म्हणजे पुन्हा रेल्वेपाशीच आलो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वे कंपन्या पासांची खैरात करीत. आमदार, न्यायाधीश, वर्तमानपत्रांचे संपादक, मोठे व्यापारी, सगळ्यांच्या खिशात फुकट पास असे. ज्याने कायदे करायचे त्यालाच कंपनीने फुकट फिरवायचे, हा सरळ लाचेचा प्रकार होता, आणि लोकांचा त्यावर राग होता. १९०६ साली काँग्रेसने हेपबर्न कायदा करून फुकट पास बंद केले. मात्र त्यात काही अपवाद ठेवले, आणि त्यांतला मुख्य अपवाद रेल्वेचे नोकर आणि त्यांची कुटुंबे हा होता. १९०८ साली दुरुस्ती झाली आणि 'नोकर' या शब्दाचा अर्थ आणखी रुंद केला गेला. निवृत्तिवेतन घेणारे, वयोमानाने थकलेले, नोकरीत अपंग झालेले, तात्पुरते घरी बसवलेले, हे सगळे नोकरच. नोकरीत मेलेल्याची विधवा जोवर विधवा आहे तोवर आणि मुले जोवर अज्ञान आहेत तोवर. इतकेच काय, कामावर असताना मरण आलेल्याचे शव नेण्यासाठीसुद्धा पास चालेल असे त्यात लिहिले आहे. वाचताना मला परळच्या चाळीची आठवण झाली. हा मजकूर लिहिणाऱ्याला रेल्वेच्या माणसांचे घर ठाऊक होते.

पण त्या कायद्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. कायदा 'पास द्यावा' असे म्हणत नाही. तो म्हणतो की यांना पास द्यायला मनाई नाही. 'देता येईल' आणि 'द्यावा लागेल' यांत मराठी व्याकरणात जेवढे अंतर आहे त्याहून कितीतरी मोठे अंतर अमेरिकन कायद्यात आहे.

ते अंतर किती मोठे आहे हे एरॅस्मस आणि ॲनी मॉटली या केंटकीच्या नवराबायकोला कळले. आपल्यापैकी ज्यांची मुले लॉ स्कूलला गेली त्यांनी हे नाव घरात ऐकले असेल. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हा खटला असतोच. १८७१ साली लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेच्या अपघातात दोघे जखमी झाले. नुकसानभरपाईचा दावा सोडून द्यायच्या बदल्यात कंपनीने लेखी दिले की दोघांना हयातभर फुकट पास मिळेल आणि तो दरवर्षी नवा करून मिळेल. पस्तीस वर्षे कंपनीने शब्द पाळला. १९०६ चा कायदा आल्यावर कंपनी म्हणाली, आता आमचे हात बांधले आहेत, १९०७ पासून पास नाही. मॉटली दांपत्य कोर्टात गेले. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा दावा मुळात फेडरल कोर्टात यायलाच नको होता. लॉ स्कूलमध्ये शिकवतात तो एवढाच भाग. मग ते राज्याच्या कोर्टात गेले, तिथे जिंकले, आणि १९११ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयात हरले. करार कितीही जुना आणि खरा असला तरी काँग्रेसने ज्याला मनाई केली तो पास देता येणार नाही, असा निकाल लागला. ज्यांनी पासासाठी आपल्या जखमांचा दावा सोडला होता त्यांचा पासही गेला. मॉटली रेल्वेचे नोकर नव्हते, त्यामुळे हे उदाहरण निवृत्तांना तंतोतंत लागू नाही. पण 'हयातभर' हा शब्द किती वर्षे टिकतो ते त्यावरून दिसते.

विमान कंपन्यांसाठी १९३८ साली सिव्हिल एरोनॉटिक्स कायदा झाला, त्यातही हेच धोरण आले. संचालक, अधिकारी, नोकर आणि त्यांची जवळची कुटुंबे यांना फुकट किंवा कमी भाड्यात नेता येईल. पुन्हा 'येईल'च.

सेवाज्येष्ठतेची कहाणी वेगळी आहे, आणि तीही रेल्वेतूनच विमानतळावर आली. रेल्वे कामगारांच्या संघटनांनी सेवाज्येष्ठता मागितली ती वशिल्यावरचा उतारा म्हणून. फोरमनचा भाचा पुढे जाऊ नये यासाठी तारखेसारखा दुसरा न्यायाधीश नाही. तारीख कुणाची लाच खात नाही. १९२६ चा रेल्वे लेबर कायदा १९३६ साली विमान कंपन्यांना लागू झाला. वैमानिकांची संघटना १९३१ पासूनच उभी होती. हळूहळू कुठल्या विमानावर बसायचे, कुठल्या गावी राहायचे, दिवाळीला की नाताळला रजा घ्यायची, मंदीत कुणी घरी बसायचे, सगळे तारखेवर ठरू लागले. पासाची रांगही मग बऱ्याच ठिकाणी तारखेनेच लावली गेली.

मात्र तारीख कुणाची धरायची, याचाही एक इतिहास आहे आणि तो फारसा शोभेचा नाही. हवाई सुंदरींना लग्न झाले की नोकरी सोडावी लागे. काही कंपन्यांत बत्तिसाव्या वर्षी विमानातून खाली उतरवत. त्यामुळे 'निवृत्त' हा शब्दच त्यांच्या वाट्याला येत नसे. त्या निवृत्त होत नसत, नुसत्या जात. कॅरोलिन इव्हान्स युनायटेडमध्ये १९६६ साली लागल्या, १९६८ साली लग्न केले म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला. नियम रद्द झाल्यावर १९७२ साली त्यांना परत घेतले, पण अगदी नवीन म्हणून. मधली वर्षे तर गेलीच, आधीचीही गेली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तक्रार वेळेत केली नाही, आता जुनी तारीख मिळणार नाही. पाचच वर्षांनी, १९८२ साली, टी.डब्ल्यू.ए.च्या ज्या बायकांना आई झाल्याबद्दल नोकरी गमवावी लागली होती त्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने जुनी सेवाज्येष्ठता परत देणे योग्य ठरवले. आमच्या हँगरमध्ये तेव्हा या निकालावर बरीच चर्चा झाली. एक मेकॅनिक म्हणाला होता की उद्या या परत येऊन माझ्यापुढे उभ्या राहतील. त्याच्या मनात पगार नव्हता, पासाची रांग होती.

वैमानिकांचे उलट. त्यांना १९६० पासून साठाव्या वर्षी सक्तीने खाली उतरावे लागे. डिसेंबर २००७ मध्ये मर्यादा पासष्ट झाली, पण आधीच साठी ओलांडून बाहेर पडलेल्यांना जुनी तारीख परत मिळाली नाही. परत यायचे तर सर्वांत कनिष्ठ म्हणून यायचे. निवृत्तीचा दरवाजा एकाच बाजूला उघडतो.

मी लागलो त्या सुमाराला जुने लोक 'चांगल्या दिवसां'च्या गोष्टी सांगत. त्या नुसत्या म्हातारपणाच्या गोष्टी नव्हत्या, त्यात हिशेब होता. १९७८ पूर्वी भाडी सरकारच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाच्या हातात होती. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला भाड्यांची मोठी चौकशी झाली तेव्हा बोर्डाने सरासरी ५५ टक्के खुर्च्या भरलेल्या धरून भाडी ठरवायचे मान्य केले. म्हणजे जवळजवळ अर्धे विमान रिकामे असणे हेच धोरण होते. त्यात १९७० पासून ७४७ आले, खुर्च्या आणखी वाढल्या. अशा विमानात यादीत तुम्ही तिसरे की तेविसावे याला काय महत्त्व? सगळे बसत. बायकांनी चांगले कपडे घालायचे, पुरुषांनी कोट आणि टाय, एवढीच अट. माझी आई १९८३ साली पहिल्यांदा आली ती नऊवारीत. गेटवरच्या बाईने तिला नीट निरखून पाहिले आणि सरळ पहिल्या वर्गात बसवले. आईला वाटले, इकडे सगळ्यांनाच असे बसवतात.

ऑक्टोबर १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केली आणि भाड्यांवरचे नियंत्रण उठायला सुरुवात झाली. कोणती खुर्ची कुणाला किती दिवस आधी कितीला विकायची हे संगणक ठरवू लागले. या कामात अमेरिकन एअरलाइन्स आघाडीवर होती. १९८५ सालच्या त्यांच्या स्वस्त भाड्यांनी बऱ्याच नव्या कंपन्यांचे कंबरडे मोडले. प्रवाशाला हे चांगले झाले. आपल्यापैकी अनेकांना दर दोन वर्षांनी भारतात जाता येऊ लागले ते त्यामुळेच. पण रिकामी खुर्ची ही जिन्नसच दुर्मीळ झाली. गेल्या दशकात अमेरिकन विमाने सरासरी ८० टक्क्यांहून जास्त भरून उडत होती. सरासरी ८० म्हणजे जून आणि डिसेंबरमध्ये शंभर. आणि शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याला जायचे असते ते नेमके त्याच दोन महिन्यांत. निवृत्त विरुद्ध कामावरचे हे भांडण मुळात मनाच्या कोतेपणाचे नाही. पंगतीत पानेच कमी पडू लागली तेव्हा कोण आधी हे विचारले जाऊ लागले.

मधल्या काळात आयकर खात्याचीही नजर पासावर गेली. फुकटचा प्रवास म्हणजे उत्पन्नच, त्यावर कर का नको? १९७८ साली काँग्रेसने असे नियम करायला तात्पुरती मनाई केली आणि १९८४ साली कायमचा कायदा केला, तो १९८५ पासून लागू झाला. त्यातले तत्त्व मजेशीर आहे. ज्या सेवेसाठी मालकाला वेगळा खर्च येत नाही आणि गिऱ्हाईकही गमवावे लागत नाही, ती नोकराला करमुक्त. म्हणजे राखीव खुर्ची दिली तर पैसे देणारा प्रवासी बाहेर राहू शकतो, तिथे हे तत्त्व लागू नाही. उरलेली खुर्ची दिली तर लागू. आपण गेटवर ताटकळतो, तेच आपले करमुक्तीचे प्रमाणपत्र! याच कलमात निवृत्त, अपंग झालेले आणि मृत नोकराची विधवा किंवा विधुर यांना नोकर मानले आहे. आणि विमान प्रवासापुरते नोकराच्या आईवडिलांनाही. बाकी कुठल्या धंद्याला ही सवलत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात विमान कंपन्यांत लागलेल्या आपल्या मंडळींना या एका ओळीचे मोल विचारा.

म्हणजे आयकराच्या दृष्टीने निवृत्त माणूस नोकरच. पण कामगार कायद्याच्या दृष्टीने? १९७१ साली पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्त झालेले लोक त्या कायद्याच्या अर्थाने 'नोकर' नाहीत, त्यांच्या सवलतींवर कंपनीने संघटनेशी वाटाघाट केलीच पाहिजे असे नाही. विमान कंपन्या वेगळ्या कायद्याखाली येतात, पण व्यवहारात चित्र तेच. निवृत्ताला संघटनेत मत नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना जे बसतात ते सगळे कामावरचे. निवृत्तांना मागे ढकलले तर त्या टेबलावरच्या कुणाचाच पाय दुखत नाही.

कंपनी दिवाळ्यात गेली तर १९७४ चा कायदा निवृत्तिवेतनाला काही संरक्षण देतो. १९८८ पासून निवृत्तांच्या वैद्यकीय सवलतींनाही दिवाळखोरीच्या कायद्यात थोडा आडोसा आहे. पासाचे नाव यांत कुठेच नाही. ४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन ॲम बंद पडली तेव्हा तिच्या विमानांवरचा पास म्हणजे नुसता कागद उरला. युनायटेडने दिवाळखोरीत असताना २००५ साली आपल्या निवृत्तिवेतनाच्या योजना सरकारी विमा मंडळावर सोपवल्या, तेव्हा मंडळावर सुमारे ६६० कोटी डॉलरचा बोजा पडला. तोवरच्या इतिहासात इतकी मोठी योजना बुडालेली नव्हती. विमा मंडळाच्या मर्यादेमुळे अनेकांचे वेतन घटले. अशा माणसाच्या हातात जुन्या नोकरीची एकच गोष्ट धड उरते, ती म्हणजे पास. मग त्याला तो जीव की प्राण वाटला तर नवल नाही.

विलीनीकरणांनी या दुखण्यावर मीठ चोळले. २००१ साली अमेरिकनने टी.डब्ल्यू.ए. घेतली तेव्हा टी.डब्ल्यू.ए.च्या हवाई सेविकांना अमेरिकनच्या यादीच्या तळाशी जोडले गेले. वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या बायका काल लागलेल्या मुलींच्या खाली गेल्या आणि २००३ च्या कपातीत घरी गेल्या. त्याची चीड इतकी होती की २००७ साली मिसुरीच्या दोन सिनेटरांनी, मॅकॅस्किल आणि बाँड यांनी, विलीनीकरणात याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र केल्या पाहिजेत असा कायदा करून घेतला. हा कायदाही कामावरच्यांच्या याद्यांपुरताच.

२०१३ च्या डिसेंबरात अमेरिकन आणि यू.एस. एअरवेज एक झाल्या तेव्हा पासाचा प्रश्न आलाच. एकीकडे चेक-इनची वेळ पाहत, दुसरीकडे नोकरीची तारीख. २०१४ साली ठरले ते चेक-इनच्या वेळेवर, आणि निवृत्तांची पंगत कामावरच्यांच्या मागे लागली. जुन्या अमेरिकनच्या निवृत्तांनी पत्रे लिहिली, निषेध केला. नियम बदलला नाही.

कामावरच्यांची बाजू मी नाकारत नाही. एका गावात राहून दुसऱ्या गावी कामाला जाणारे हजारो वैमानिक आणि सेविका आहेत. त्यांना वेळेवर पोहोचायचे असते. निवृत्ताला मंगळवारी नाही तर बुधवारी जाता येते. शिवाय आजच्या पोरांना पूर्वीसारखी निवृत्तिवेतनाची योजना नाही, त्यांना पासच तेवढा आजच्या आज हाती लागतो. २०२० साली साथीच्या काळात कंपन्यांनी माणसे कमी करायला लवकर निवृत्तीच्या योजना आणल्या, त्यांत पास हे मोठे आमिष होते. म्हणजे गरज पडली की कंपनीलाही पास हा मोबदलाच वाटतो.

आणि माझे स्वतःचे वर्तन काही फार स्वच्छ नाही. १९८४ च्या जूनमध्ये आम्ही दोघे आणि सात महिन्यांचा मुलगा मुंबईला निघालो होतो. आमच्या कंपनीत तेव्हा निवृत्त आणि कामावरचे एकाच पंगतीत असत, क्रम तारखेने लागे. शेवटच्या खुर्च्या एका निवृत्त वेल्डरला आणि त्याच्या बायकोला मिळाल्या. त्याची तारीख १९४६ ची होती, माझी १९७९ ची. ते दोघे लंडनला फिरायला चालले होते. मी बायकोला म्हणालो, "म्हाताऱ्याला कसली एवढी घाई आहे?" ती म्हणाली, "अहो, हळू बोला." मी मराठीत बोललो होतो, त्यामुळे काही बिघडले नाही.

निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी कंपनीचे पत्र आले. भाषा गोड होती. आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार, वगैरे. तिसऱ्या परिच्छेदात होते की यापुढे निवृत्तांचा क्रम कामावरच्यांनंतर लागेल, आणि ही सवलत कंपनी केव्हाही बदलू शकते. ते शेवटचे वाक्य नवीन नव्हते. जुने नियम काढून पाहिले तर १९७९ च्या पुस्तिकेतही ते होते. मी कधी वाचले नव्हते. परळच्या घरातला कागद वाचलेला माणूस दुसरा कागद कशाला वाचतो?

२०१२ च्या डिसेंबरात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आईला दवाखान्यात हलवलंय. लगेच नाही, पण निघ." बायको म्हणाली, "अहो, सरळ तिकीट काढा." मी म्हणालो, मंगळवारचे विमान आहे, चौदा खुर्च्या रिकाम्या दिसताहेत. सत्तावीस वर्षांची सवय. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौदाच्या तीन झाल्या आणि मी नववा होतो. दुसऱ्या दिवशी बर्फामुळे दुसरे एक विमान रद्द झाले, त्याचे प्रवासी आमच्यात आले, एकही पासवाला गेला नाही. तिसऱ्या दिवशी दोन खुर्च्या उरल्या आणि यादीत मी तिसरा. माझ्यापुढे एक मुलगा होता, त्या जूनमध्येच लागलेला, सोबत मैत्रीण. त्यांची नावे पुकारली. जाताना त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. माझी तारीख त्याच्या जन्माच्या आधीची असावी, पण ती त्याला दिसण्याची सोय नव्हती, आणि मी काय कामाला निघालो आहे हे तरी त्याला कसे कळणार? पडद्यावर माझे नाव आणि त्यापुढे निवृत्ताचे अक्षर एवढेच होते.

त्या रात्री दुसऱ्या एका कंपनीचे तिकीट पूर्ण पैसे भरून काढले. मुंबईला पोहोचलो तेव्हा आई शुद्धीवर होती. मला पाहून तिला बरे वाटले असावे, पण तिने आधी विचारले ते रेल्वेवाल्याच्या बायकोने विचारावे तसेच.

"उशीर झाला रे. पास मिळाला ना?"

"मिळाला," मी म्हणालो.

"जपून ठेव," ती म्हणाली. "परतीला लागेल."